बारदान्यासकट वजन

९ नोव्हेंबर, रवि.

पहाटे बोडीवर. धुकं कमी, तळ्याचं पाणी शांत. कमळपक्ष्यांची जोडी अगदी काठाजवळ. मी गुडघ्यावर बसून श्वास धरलेला. आणि मागून ह्यांचा आवाज, "ते पाय, ते पाय! पानावर चालून राहिलं!"

उडाले. फोटोत नुसतं पान आलं. पान मात्र सुरेख आलं आहे.

ह्यांच्यावर रागावायची सोय नाही. पावसाळ्याआधी माझा उजवा खांदा आखडला तेव्हापासून कॅमेऱ्याची काळी बॅग हेच उचलतात. घरून बोडीपर्यंत दीड किलोमीटर, परत येताना तेवढंच. पट्टा खांद्याला लावत नाहीत, दोन्ही हातांनी छातीशी धरतात, दवाखान्यातून बाळ घरी आणावं तशी. मी म्हणते, अहो लटकवा. म्हणतात, "पडली तं?"

पण इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहिते. तीस वर्षं घंटा, हजेरी आणि "बाई, हा मारून राहिला." रिटायर झाल्यावर रविवारचे पहाटेचे दोन तास पहिल्यांदा माझे एकटीचे झाले होते. तीन वर्षं होते. ते परत हवेत. मला एकटीला जायचं आहे.

म्हणजे बॅग मला उचलता आली पाहिजे. म्हणजे हलकी बॅग.

११ नोव्हें.

फिजिओकडे. लहान पोरगी आहे, पण दरडावते छान, शिक्षिका व्हायला हवी होती. मार्चपर्यंत त्या खांद्यावर अडीच किलोच्या वर काही नाही म्हणाली. "भाजीची पिशवी पण नाही, मॅडम."

घरी येऊन गणित. कॅ. + लांब लेन्स = एक किलो नऊशे. (पुस्तिकेत आहे.) बॅटरी, पुसायचं फडकं धरून पन्नास. उरले साडेपाचशे. बॅग त्यात बसायला हवी.

काळी बॅग ह्यांना रिकामी उचलून बघायला सांगितली. डोळे मिटले, हात जरा खालीवर केला. "पावणेदोन." संपलं. ह्यांच्या हाताला कोणी आव्हान देत नाही. राइस मिलमध्ये तीस वर्षं काट्यावर होते, धानाचं पोतं नुसतं कलतं करून वजन सांगायचे. अजून सगळे काटेबाबूच म्हणतात. बाजारात भाजीवाल्या बायका ह्यांना बघून माप सरळ धरतात.

१२ नोव्हें.

प्राचीचा नागपूरहून फोन. तिने अकरा बॅगांचे फोटो पाठवले. सगळ्यांवर 'हलकी' लिहिलं आहे, वजन मात्र कोणीच लिहीत नाही. एकीत लॅपटॉपची जागा, एकीत छत्रीची, एकीत शेगडीसुद्धा मावेल. मला बोडीवर जायचं आहे, बिऱ्हाड हलवायचं नाही.

प्राची म्हणे, "आई, बाबा उचलतात ना? मग प्रॉब्लेम काय?"

म्हटलं, काही नाही गं.

१५ नोव्हें., शनि.

गोंदियाला गेलो, सकाळची गाडी. कॅ. सोबत घेतला, घालून बघायचं ठरवलं होतं.

दुकानदार भारी गोड. "मॅडम, एकदम लाइटवेट. कैमरा डालके पता भी नहीं चलेगा." राखाडी बॅग, मऊ, आत तीन कप्पे, रेनकोट वेगळा. मला बघताक्षणी आवडली, हे आधीच कबूल करते. कॅ. घातला, ह्यांच्या हातात दिली. दुकानाच्या मधोमध उभे राहून डोळे मिटले. दुकानदारही गप्प झाला.

"दोनच्या आत," हे म्हणाले.

घेतली! येताना आलूबोंडा खाल्ला, तर्री जरा जास्तच तिखट होती. गाडीत बॅग मांडीवर ठेवून बसले होते. खूश.

१६ नोव्हें., रवि.

आज बॅग मी उचलली. डाव्या खांद्यावर थोडा वेळ, मग उजव्यावर, सवय करायची म्हणून. तलवार बदकं आली आहेत, चौदा मोजली. लांब आहेत पण आली आहेत.

ह्यांचे हात मोकळे. ते कुठे ठेवायचे हे त्यांना शेवटपर्यंत सुचलं नाही. आधी मागे बांधले, मग खिशात, मग धानाच्या पुंजण्याजवळ पडलेली बांबूची काडी उचलली आणि तीच घेऊन घरापर्यंत आले.

१८ नोव्हें.

खांदा ठणकतो. रात्री कूस बदलता येईना. एवढ्याशा बॅगेने? वय झालं, दुसरं काय.

२० नोव्हें.

वय झालेलं नाही! वजन झालं आहे.

फिजिओला जाताना बॅग सोबत नेली होती, पट्टा कसा घालू ते दाखवायला. येताना किराण्यात गर्दी. माझा नंबर येईस्तोवर सहज म्हणून बॅग इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवली. आत कॅ. होता. तीन किलो दीडशे. पोराला म्हटलं काटा बिघडला तुझा. त्याने साखरेची किलोची पुडी ठेवून दाखवली, बरोबर किलो.

घरी आले ती उंबऱ्यातूनच, "अहो, दोनच्या आत म्हणाले होते ना तुम्ही? काट्यावर तीन दीडशे आलं."

हे शांतपणे पेपर वाचत होते. "हो, तेवढंच आहे."

"मग दोन कायले सांगितलं?" (चिडले की माझीही भाषा माहेरी जाते.)

"बारदाना कापला ना मी."

 हे मला समजावून सांगू लागले, चौथीच्या मुलाला सांगावं तसं. "पोत्यातला माल सांगतेत, मॅडम. पोत्याचं वजन कापतेत. बारदान्यासकट वजन कोन सांगते? त्याले बेइमानी म्हनतेत."

"मला माल माहीत होता! मला बारदानाच हवा होता!"

"मंग तसं विचारायचं."

आता माझी बाजू. कॅ. एक नऊशेचा, हे मला पाठ. बॅगेसकट 'दोनच्या आत' म्हणजे बॅग शंभर ग्रॅमची निघाली. इतकी साधी वजाबाकी. आणि मी तीस वर्षं गणित शिकवलं! पोरांच्या वह्यांवर लाल शेरे मारले, "उत्तर शक्य आहे का ते तपासा." बॅग आवडली होती म्हणून तपासलं नाही. मला शून्य मार्क.

प्राचीला फोनवर सांगितलं. ती इतकी हसली की फोन ठेवावा लागला. राखाडी बॅग आता तिची, लॅपटॉपला होईल म्हणे.

२४ नोव्हें., सोम.

विकतची नाही जमत तर शिवून घ्यायची. हायवेला रफीकभाई आहेत, ट्रकच्या सीटची कव्हरं शिवतात. त्यांचा मुलगा माझ्याकडे होता, सातवीत. माप दिलं, कागदावर चित्र काढून दिलं, खाली लिहिलं, 'वजन पाचशेच्या आत'.

रफीकभाई: "मॅडम, आप टेन्शन मत लो. ऐसा बनाके देता के कैमरा उसमें सो जाएगा."

मला तो झोपायला नको आहे. पण बरं.

३० नोव्हें., रवि.

बोडीवर गेलो नाही, बॅग येणार होती. आली.

मरून रेक्झिन. सोनेरी काठ. आत दोन बोटं जाड फोम. दोन्ही बाजूंना गोंडे, ट्रकच्या आरशाला असतात तसे, हिरवे. झाकणावर चांदणी. रफीकभाई स्वतः मोटरसायकलवर घेऊन आले आणि माझ्या तोंडाकडे बघत उभे. काय बोलणार? म्हटलं, फार सुंदर. खरंच सुंदर आहे. लग्नात मिरवावी अशी.

ते गेल्यावर ह्यांच्या हातात दिली. "रिकामी आहे. बारदान्याचंच सांगा."

"नऊशे." मग जरा थांबून, "गोंडे धरून."

दोघंही खूप हसलो. बऱ्याच दिवसांनी इतकं.

२ डिसेंबर

मी सोडून दिलं होतं. ह्यांनी नाही. सकाळी अंगणात चटई टाकून बसले, चष्मा लावून, ब्लेड घेऊन. गोंडे काढले. काठ उसवला. फोम सगळा बाहेर. मी म्हटलं, रफीकभाईंना काय वाटेल? म्हणाले, "त्यायले मी सांगतो, मॅडमनं लय वापरली."

दोन दिवसांत?

३ डिसें.

रेक्झिन बाद, जड आहे. हे स्वतः रफीकभाईंकडे जाऊन बसले दुपारभर. ताडपत्रीचा पातळ कपडा मिळाला, मातकट रंगाचा. आत चपलेच्या तळाला असतो तसला फोम, एकच पदर. चेनचं लोखंडी बोंडूक काढून सुतळी बांधली. पट्ट्याचं उरलेलं टोक कापलं. दर कापण्यानंतर उचलून बघतात आणि आतल्या खोलीत मला ऐकू येईल असं ओरडतात. "साडेसहाशे!" अर्ध्या तासाने, "सहाशे वीस!"

मिल सोडल्यापासून ह्यांना इतकं कामात बघितलं नव्हतं. जेवायलाही दोनदा हाक मारावी लागली.

६ डिसें.

सकाळी विहारात. संध्याकाळीही. कॅमेरा आज नाही.

७ डिसें., रवि.

बोडीवर, अर्धवट बॅग घेऊन (हेच उचलून). शेवंताबाई मासे धरत होती. कमरेइतक्या पाण्यात, टोपली कमरेलाच बांधलेली. मी खांदा चोळत होते ते तिने पाहिलं.

"बाई, खांद्यावर कायले घेता? कमरेले बांधा. आमी दिवसभर कमरेलेच बांधतो, मासोळी भरली तरी जड नाही लागत."

फिजिओकडे इतक्या खेपा, प्राचीचे इतके फोटो, आणि हे कोणी सांगितलं नाही. ह्यांनी लगेच तिची टोपली कशी बांधली आहे ते वाकून वाकून बघितलं. शेवंताबाई लाजली, म्हणाली, बाबू, पाण्यात पडाल.

खंड्या बरा आला. जरा हलला आहे. दहापैकी सहा.

१० डिसें.

कमरेचा पट्टा शिवला. बॅग उजव्या खुब्यावर बसते, खांद्यावरून फक्त एक नाडी, तोल राहावा म्हणून. घरात घालून फिरले. पोळ्याही केल्या ती घालून. कळतसुद्धा नाही!

आज एक लक्षात आलं. ही बॅग हलकी झाली की ह्यांचं काम संपणार. मी तसं बोललेले नाही. पण काटेबाबूंना बेरीज येत नसेल असं थोडीच आहे? तरी ब्लेड घेऊन बसले आहेत, अजून वीस ग्रॅम कुठून निघतात ते बघायला.

१२ डिसें., शुक्र.

ह्यांचा हट्ट, शेवटचं वजन मिलमध्येच करायचं. म्हटलं किराण्यातला काटा चांगला आहे. नाही. "तो साखरेचा काटा."

गेलो. धानाचे ट्रक लागलेले, अंगणभर भुसा उडत होता. जुने हमाल सगळे जमले. पोत्यांचं वजन थांबवून मधल्या लहान काट्यावर माझी बॅग ठेवली, आत कॅ., लेन्स, बॅटरी, फडकं. सहा माणसं वाकून बघत होती. हे मागे उभे, डोळे मिटून. काट्याकडे बघितलंच नाही.

"दोन तीनशे पन्नास," हे म्हणाले. "बारदान्यासकट."

काट्यावर दोन किलो तीनशे पन्नास.

टाळ्या वाजवल्या लोकांनी. एक म्हातारा हमाल म्हणाला, "बाबूचा हात अजून तसाच आहे." ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. भुसा गेला म्हणाले. मला फार अभिमान वाटला ह्यांचा. अगदी फार.

परत येताना मी बॅग कमरेला लावली होती. हायवे ओलांडताना हे म्हणाले, "आता एकटीनं जाता येते तुले, मॅडम." मी रस्त्याकडेच बघत राहिले. ट्रकही खूप होते.

१४ डिसें., रवि.

एकटी गेले!

साडेपाचला बाहेर. धुकं असं की धानाच्या बांध्यांतलं लाखोरीचं पीक दिसत नव्हतं, नुसता वास. दवाने साडीचा काठ ओला. बोडीवर कोणी नाही. तासभर बसले, मांडी घालून, चिखलात. कमळपक्षी आले. पानावरून पानावर, इतके जवळ की लेन्स मागे घ्यावी लागली. कोणी "ते पाय" म्हटलं नाही. मी श्वास घेत होते तोही ऐकू येत होता.

अठ्ठावीस फोटो. त्यांतले चार, मी स्वतः मार्क देते म्हणून सांगते, दहापैकी नऊ.

खांदा बरा. कंबर बरी. इतका आनंद झाला की येताना मोठ्याने गाणं म्हटलं, रस्त्यात कोणी नव्हतं म्हणून बरं.

घरी हे उठून बसलेले. पोहे करून ठेवले होते, वर चिरलेला हिरवा सांभार जरा जास्त. "काय काय दिसलं?" सगळे अठ्ठावीस दाखवले. एकेकावर थांबून बघितलं. एका फोटोवर म्हणाले, "हे तं आपलंच आहे, बोट मोडकं." कोणत्या पक्ष्याच्या पायाचं बोट मोडकं, हे मला कधी दिसलं नव्हतं. खरंच मोडकं आहे.

१८ डिसें.

ह्यांनी काळी जुनी बॅग उन्हात टाकली, झटकली, कप्पे पुसले. म्हटलं, ती कशाला आता? म्हणाले, बुरशी लागते.

२१ डिसें., रवि.

पुन्हा एकटी. तलवार बदकं जवळ आली आहेत. छान सकाळ.

निघताना शेवंताबाई भेटली. "काटेबाबू नाही आले का? मी त्यांच्यासाठी झिंगे ठेवले होते. मागच्या रविवारीबी ठेवले होते." मला पानात बांधून दिले. मग म्हणाली, "ते सांगत होते, बाईचा फोटो एक दिवस नागपूरले मोठ्या हॉलमंधी लागनार म्हणून. लागला का?"

मी असं कधी म्हटलेलं नाही. मी समोर तोंड करून बसायचे, मागे बांधावर हे कोणाशी काय बोलत, मी ऐकलंच नाही. मला वाटायचं नुसता आवाज.

घरी येऊन ह्यांना झिंग्यांचं सांगितलं. हसले. म्हणाले, "बिचारी. दोन रविवार झाले." हे रविवार मोजत आहेत, हे मला तेव्हा कळलं.

२५ डिसें.

दोन्ही रविवारी बघितलं. मी निघते तेव्हा हे आधीच उठलेले असतात, दिवा न लावता स्वयंपाकघरात बसतात. मी विचारलं तर झोप येत नाही म्हणतात. एकटी जायचं हे मी भांडून मिळवलेलं नाही, ह्यांनीच ब्लेड घेऊन कापून कापून दिलं. आणि मला ते आवडलं आहे, त्याला काय करू? खोटं का लिहू? ती शांतता मला प्रिय आहे. हेही प्रिय आहेत. पण दोन्ही एका बोडीवर...

२७ डिसें., शनि.

संध्याकाळी पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत बसलो होतो. मधेच हे म्हणाले, "मॅडम, उद्या..." चार शेंगा सोलल्या. मग एका दमात, "उद्या मी आलो तं चालन का? उचलायले काई नाही, मालूम आहे मले. असाच येतो. मांगं बसतो. बोलनार नाही."

तेहतीस वर्षांत ह्यांनी माझ्याकडे कुठेही यायची परवानगी मागितली नव्हती. 

आणि मी काय बोलावं? "थंडी फार असते हो."

शी.

"हो, थंडी तं आहे," हे म्हणाले आणि शेंगा सोलत राहिले.

जेवणं झाली. मी इथे लिहीत बसले आहे. पलीकडच्या खोलीत हे मफलर शोधत आहेत. मला विचारत नाहीत, एरवी रुमालसुद्धा मीच काढून द्यावा लागतो. पेटीचं झाकण हळू उघडलं, हळू लावलं. आता खुंटीवरचे कपडे बघत असतील.

मफलर माझ्या कपाटात आहे, खालच्या खणात. अजून सांगितलेलं नाही.